कुंपणावरचा अडुळसा आणि घरातले चौघे

वाचकाचं पत्र:

वैद्यताई, नमस्कार. आम्ही नाशिकच्या मखमलाबादला मळ्यात राहतो. घरामागे कुंपणाला अडुळसा आहे, सासूबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनीच लावलेला. कुंपणापलीकडे चुलत सासऱ्यांची द्राक्षबाग. थंडी पडली की रोज सकाळी चुलीवर पातेलंभर काढा होतो : अडुळसा, ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी, तुळस, गवती चहा आणि गूळ. घरातल्या प्रत्येकानं ग्लासभर प्यायचाच. यंदा खुद्द सासूबाईंनाच तीन-साडेतीन आठवडे खोकला आहे. बेडका पडतो, संध्याकाळी अंग कोमट लागतं, पण दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. सासऱ्यांना बीपी आहे, त्यांना दिवाळीनंतर कोरडी ढास लागली आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला बालदमा आहे. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते, तो बंद कर, अडुळशानं दमा मुळापासून जातो. त्यात आता नणंदबाई आल्या आहेत. त्यांना तिसरा महिना आहे आणि सर्दी-खोकल्यासाठी पाच दिवस त्यांनाही काढा चालू आहे. गरोदरपणी अडुळसा चालत नाही असं मी कुठंतरी वाचलं. पण घरात बोलले तर ‘आम्ही चार बाळंतपणं काढली’ असं ऐकावं लागेल. अडुळसा खरंच औषध आहे का? कोणाला किती द्यायचा?
– एक सून, मखमलाबाद

ताई, तुम्ही नणंदबाईंचं सगळ्यात शेवटी लिहिलंत, मी त्यांच्यापासूनच सुरुवात करते. त्यांचा काढा आजच बंद करा. उरलेला संपवून मग नाही, आणि अर्धा ग्लासही नाही. एवढी एक गोष्ट मी तुम्हाला आधीच वेगळी कळवली आहे. तरी इथं पुन्हा लिहिते, कारण थंडीच्या दिवसांत अशी पातेली मळ्यामळ्यांत चुलीवर असतात आणि माहेरी आलेली लेक पहिल्या तीन महिन्यांत असते तेव्हा तिला दिवस गेल्याचं पुष्कळदा घराबाहेर कोणाला सांगितलेलंही नसतं.

अडुळशाच्या पानात व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. कफ सुटतो, श्वासनलिका मोकळ्या होतात, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण हेच द्रव्य गर्भाशयाचं आकुंचनही वाढवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० ते १९८० च्या सुमाराला यावर बरंच काम झालं, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी व्हॅसिसीनची नोंद कळा आणणारं आणि गर्भ पाडू शकणारं द्रव्य अशीच केली. तुम्हाला घरात हे सांगायचं आहे आणि ‘नेटवर वाचलं’ म्हटलं की बोलणं तिथंच संपतं, हे मी जाणते. म्हणून सासूबाईंना त्यांच्याच परंपरेतलं सांगा. बाळंतपण सुखानं व्हावं म्हणून अडुळशाच्या मुळाचा लेप नाभीखाली लावायला जुन्या वैद्यकात सांगितलं आहे. म्हणजे या झाडाचं गर्भाशयाशी नातं आहे हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. नवव्या महिन्यात ज्याचा उपयोग करून घ्यायचा, ते तिसऱ्या महिन्यात पोटात कसं द्यायचं? हा प्रश्न मोठ्या बायकांना लगेच पटतो, असा माझा अनुभव आहे.

पाच दिवस काढा गेला म्हणून घाबरून जाऊ नका, नणंदबाईंनाही घाबरवू नका. ओटीपोटात कळ येते का, कंबर धरते का, अंगावरून लाल किंवा तपकिरी डाग जातो का, एवढं पाहा. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. काही नसेल तर पुढच्या तपासणीला काढ्यात काय काय होतं ते नावानिशी सांगा, लपवू नका. दुकानातल्या अडुळशाच्या तयार औषधालाही हीच मनाई आहे. बाटलीवर ‘पूर्णपणे आयुर्वेदिक’ छापलेलं असतं तेव्हा ती गरोदर बाईला बिनदिक्कत दिली जाते, म्हणून मुद्दाम लिहिते. त्यांच्या खोकल्याला कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपताना चमचाभर मध आणि विश्रांती एवढं बहुतेक वेळा पुरतं. ताप आला, धाप लागली किंवा आठवड्यात उतार पडला नाही, तर औषध त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. अडुळसा खरंच औषध आहे का?

आहे, आणि चांगलं औषध आहे. आमच्या शास्त्रात याला वासा म्हणतात. फुलाचा आकार जबडा उघडलेल्या सिंहासारखा, म्हणून सिंहास्य असंही एक नाव आहे. तुमच्या कुंपणाला थंडीत फुलं येतील तेव्हा एक हातात घेऊन पाहा. पांढरं फूल, दोन ओठ, आणि खालच्या ओठावर जांभळट-गुलाबी रेषा. पानं समोरासमोर, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली. चुरगळलं की उग्र वास येतो आणि जिभेला लावलं तर कडूपणा बराच वेळ जात नाही. शेळी याला तोंड लावत नाही, म्हणून तर हा कुंपणाला लावतात. नर्सरीत काळा अडुळसा म्हणून जे मिळतं ते वेगळं झाड आहे, ते यात मोजू नका.

अडुळसा असताना आणि जगण्याची आशा असताना रक्तपित्त (म्हणजे अंगातून रक्त पडण्याचा विकार), क्षय आणि खोकल्याच्या रोग्यानं खचायचं कशाला, अशा अर्थाचा एक जुना श्लोक आम्ही विद्यार्थी असताना पाठ केला होता. जुन्या वैद्यांचा या झाडावर एवढा भरवसा होता. आणि तो भरवसा नुसता श्लोकात राहिला नाही. आज डॉक्टर कफ पातळ करायला जे ब्रोमहेक्झिन लिहून देतात, ते १९६० च्या दशकात या व्हॅसिसीनवरूनच तयार झालं. पुढचं अँब्रॉक्सॉल त्या ब्रोमहेक्झिनपासून आलं. तुमच्या मेडिकलवाल्याकडची खोकल्याच्या बाटल्यांची निम्मी फळी एका परीनं तुमच्या कुंपणाची नातेवाईक आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांनी चाळीस वर्षं जे झाड सांभाळलं त्याची किंमत जगानंही ओळखली आहे, हे ऐकण्याचा त्यांना हक्क आहे. शिवाय आधी हे ऐकलं की पुढच्या चार गोष्टी ऐकायला त्या बसतील.

पण अडुळसा औषध असेल तर त्याला औषधाचे नियमही लागू होतात. तो कोणाला द्यायचा, कोणत्या खोकल्यात, किती आणि किती दिवस, हे ठरवूनच द्यायला हवा. तुमच्या घरी तो चहासारखा सगळ्यांना दिला जातो आहे, माझी हरकत तेवढ्याला आहे. चार माणसांचे चार खोकले आहेत आणि पातेलं मात्र एकच.

सासऱ्यांची ढास घ्या. अडुळसा गुणानं थंड, चवीला कडू-तुरट, कफ आणि पित्त कमी करणारा, पण वात वाढवणारा. बेडका पडणारा, पिवळट कफाचा खोकला असेल तिथं तो कामाचा. घशात कुसळ अडकल्यासारखी कोरडी ढास असेल तर अडुळशानं ती सुकी ढास आणखी सुकते. पण सासऱ्यांच्या बाबतीत मला वेगळीच शंका येते. तुम्ही लिहिलंत, ढास दिवाळीनंतर लागली. बीपीची गोळी त्याच सुमाराला बदलली होती का? गोळीच्या पाकिटावर औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असतं. ते ‘प्रिल’नं संपत असेल, म्हणजे रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल असं काही, तर ही गोळीच कोरडा खोकला आणू शकते. या गटातल्या गोळ्यांचा तो सर्वांना माहीत असलेला त्रास आहे. छातीचा फोटो स्वच्छ येतो, ताप नसतो, कफ नसतो, आणि माणूस रात्र रात्र ढासत बसतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, बीपी एकदम चढेल. डॉक्टरांना फक्त एवढंच विचारा, की हा खोकला गोळीचा असेल का आणि दुसऱ्या गटातली गोळी चालेल का. गोळीचाच खोकला असेल तर बदलल्यावर काही आठवड्यांत जातो. माझ्याकडे असे रुग्ण दोन-दोन महिने काढे पिऊन आलेले आहेत. त्यांच्या काढ्यात काही खोट नव्हती, मूळ कारण फक्त खिशातल्या पाकिटात होतं.

काढ्यातला ज्येष्ठमधही सासऱ्यांसाठी थांबवा. घशाला तो फार चांगला आहे, दोन-चार दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही. पण रोज ग्लासभर, महिनाभर घेतला तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं. सोबत लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून कमी होतं. पायात गोळे येणं, गळून गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड, असं काही ते सांगत आहेत का ते विचारून घ्या. आणि साखर तपासली नसेल बराच काळ, तर तीही एकदा तपासा. काढ्यात गूळ आहेच, आणि बाजारच्या बहुतेक गोड औषधांत साखरेचा पाक असतो.

मुलाचा पंप बंद करायचा नाही. यावर घरात चर्चाही नको.

‘सवय लागते’ हे मी गेली २७ वर्षं ऐकते आहे, शिकल्यासवरल्या घरांतही ऐकते. चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते, तसलंच हे बोलणं. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात तेव्हा छातीत शिट्टी वाजते. बालरोगतज्ज्ञ साधारण दोन तऱ्हेचे पंप देतात. एक त्रास झाला की लगेच घ्यायचा, आवळलेली नळी मोकळी करणारा. दुसरा रोज घ्यायचा, सूज हळूहळू उतरवणारा, त्याचा गुण लगेच दिसत नाही म्हणून तोच आधी बंद केला जातो. तुमच्याकडे कोणता आहे आणि डॉक्टरांनी कसा घ्यायला सांगितला आहे, ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवून ठेवा. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून ते अगदी थोडं लागतं. सालब्युटामॉलच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी येते, म्हणजे एका गोळीत पंपाच्या ४० दाबांएवढं औषध पोटात जातं. हा हिशोब मी आजीआजोबांना कागदावर मांडून दाखवते. पंप म्हणजे ‘फार मोठं औषध’ ही भीती त्यानं बरीच उतरते.

अडुळसा श्वासनलिका मोकळ्या करतो असं मीच वर लिहिलं. मग पंपाऐवजी तो का नको? कारण पानातलं व्हॅसिसीन झाडागणिक, ऋतूगणिक आणि काढा किती आटवला त्यागणिक बदलतं. पोटातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात पोचायला त्याला वेळ लागतो. मुलाची छाती आवळली की आपल्या हातात तेवढा वेळ नसतो. बोलताना वाक्य तुटायला लागलं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, ओठ निळसर झाले, तर काढा, वाफ, शेक यात एक मिनिटही घालवू नका. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप द्या आणि त्याला घेऊन निघा. मखमलाबादहून गाडी काढायला आणि शहरात पोचायला किती वेळ लागतो, रात्री गाडी कोण काढणार, हे आजच ठरवून ठेवा.

त्याच्या बाबतीत अजून दोन गोष्टी. सकाळी काढा उकळतो तेव्हा तो आजीजवळ चुलीपाशी शेकायला बसतो का? थंडीत आमच्याकडच्या सगळ्याच पोरांना चुलीची ऊब आवडते. पण दमेकरी मुलासाठी तो धूर म्हणजे रोजची चिथावणी आहे. काढा गॅसवर करा, निदान त्याला चुलीपासून दूर बसवा. बागेत औषध मारायचं असेल त्या दिवशी चुलत सासऱ्यांना आधी कळवायला सांगा आणि पोराला तेवढा वेळ घरात, खिडक्या लावून ठेवा. आणि अडुळशाची किंवा धोतऱ्याची वाळकी पानं जाळून धूर ओढायला देण्याची एक जुनी पद्धत आहे, कोणी तसं सुचवलं तर ठाम नाही म्हणा. धोतरा तर उघड विष आहे. त्यानं श्वास मोकळा होण्याआधी मूल बरळायला लागतं.

लहान मुलांच्या औषधाचा विषय निघालाच आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, पाच वर्षांखाली सहसा नकोतच, असं बजावलं. तेव्हापासून माझ्याकडे ‘मग अडुळशाची बाटली देऊ का’ असं विचारणारे आईबाप वाढले आहेत. बाटलीवर आयुर्वेदिक लिहिलं म्हणून ती तान्ह्या बाळाला चालते असं नाही. वर्षाखालच्या बाळाला तर अडुळशाचा रस मधातून चाटवायचा ही जुनी रीत पूर्ण सोडून द्या. त्या वयात मधातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम नावाचा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. तुमच्या मुलाचं वय सहा आहे. त्याला अडुळसा द्यायचाच असेल तर एखाद्या वैद्यानं छाती तपासून, मात्रा ठरवून द्यावा, आणि तो पंपाच्या जोडीनं. आजीच्या ग्लासातला वाटा नको.

आता सासूबाई. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते.

तीन-साडेतीन आठवडे खोकला, बेडका, संध्याकाळी कोमट अंग. त्यांचं चोळीचं माप सैल झालं आहे का, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात का, रात्री घामानं उशी ओली होते का, हे एकदा नीट पाहा. दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायची हा क्षयरोग कार्यक्रमाचा साधा नियम आहे, त्यात वय, घर, शेत, पैसा काही पाहायचं नाही. क्षय गरिबांनाच होतो हा गैरसमज आमच्या द्राक्षपट्ट्यात खोल बसलेला आहे. बंगला आहे, मळा आहे, आम्हाला कसा होईल? हवेतून पसरणारा जंतू सातबारा पाहून घरात येत नाही.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. साठीचे एक गृहस्थ खोकल्यासाठी आले. जेवण बरं होतं, ताप नव्हता. मी अडुळशाचा स्वरस दिला. आठ दिवसांत कफ सुटला, झोप लागली, ते खूश झाले, मीही खूश झाले. परत खोकला आला, परत तेच दिलं. पावणेदोन महिन्यांनी ते आले तेव्हा सदरा खांद्यावरून उतरत होता. थुंकी तपासली, क्षय निघाला. तोवर घरातल्या नातीलाही लागण झाली होती. दोघंही औषधांनी बरे झाले. पण त्या पावणेदोन महिन्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. अडुळशानं खोकला हलका केला, म्हणूनच आजार झाकला गेला. श्लोकात क्षयाचं नाव आहे हे खरं, पण तो रचला तेव्हा जंतू मारणारं औषध कोणाकडे नव्हतं. आज आहे, सहा महिने घ्यावं लागतं, आणि सरकारी केंद्रात फुकट मिळतं. त्या दिवसापासून दोन आठवड्यांवरचा खोकला थुंकी तपासल्याशिवाय मी हातात घेत नाही.

ही तपासणी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात किंवा सिव्हिलला विनामूल्य होते. डबी घरी आणायची, सकाळी उठल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून बेडका काढायचा. लाळ चालत नाही. डबी उघड्यावर, अंगणात जाऊन भरायची. निकाल येईपर्यंत त्यांनी तोंडावर पदर किंवा रुमाल धरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि नणंदबाई व नातू यांनी त्यांच्या खोलीत झोपू नये. क्षय निघेलच असं मी म्हणत नाही. साधा लांबलेला खोकलाही असू शकेल, चुलीच्या धुरानं धरलेली छातीही असू शकेल. म्हणून छातीचा फोटोही काढून घ्या. पण थुंकीत रक्ताचा एक तार जरी दिसला, तरी ‘रक्तपित्तावर अडुळसा’ म्हणत घरी थांबू नका, त्याच दिवशी जा.

त्या दवाखान्यात येत नाहीत, यावर एक सुचवते. ‘तुम्हाला काही झालंय’ असं म्हटलं की त्या बसून राहतील. ‘लेकीच्या पोटात बाळ आहे, नातवाला दमा आहे, त्यांच्यासाठी एकदा तपासून घ्या’ असं म्हणा. स्वतःसाठी न उठणारी बाई लेकीसाठी उठते. सासरे आणि त्या एकाच दिवशी गेले तर आणखी बरं, एकमेकांच्या सोबतीनं दोघांचंही होऊन जाईल. वैद्याकडेच जायचा हट्ट असेल तर तसं करा, पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथलेही वैद्य त्यांना थुंकी तपासायला सांगतील.

मग अडुळसा कोणी घ्यायचा? तुम्ही आणि तुमचे यजमान. साधी सर्दी होऊन छातीत कफ भरला, ताप नाही, धाप नाही, गरोदरपण नाही, अशा धडधाकट माणसानं चार-पाच दिवस. चाळीस वर्षांची ती विद्या वाया जायची गरज नाही. उलट मला वाटतं ती नीट, जुन्या पद्धतीनं व्हावी. सासूबाईंना पुटपाक ठाऊक असेल. अडुळशाचं कच्चं पान नुसतं कुटलं तर त्यातून रस निघता निघत नाही, पानात चिकटपणा कमी आणि चोथा जास्त. म्हणून जून पानं धुऊन त्यांची पुरचुंडी करायची, वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळायची, वरून बोटभर मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायची. माती लाल झाली की बाहेर काढून फोडायची. माझी आजी दिंडोरीकडची. ती गोळा फोडायची तेव्हा आतून हिरवट-काळी, वाफाळती पानं निघायची आणि पडवीभर कडसर वास सुटायचा. ती पानं पाट्यावर एकदा फिरवून फडक्यातून पिळली की दाट रस धारेनं पडतो. आता मातीऐवजी मी इडलीपात्रात पंधरा मिनिटं वाफवते, काम तेच होतं. दहा-बारा मोठ्या पानांचा रस दोन-तीन चमचे निघतो.

मोठ्या माणसाला हा रस दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा. ग्रंथात २० पर्यंत मात्रा आहे, पण घरच्या घरी घेणाऱ्यानं १० च्या वर जाऊ नये. रस थंड झाल्यावर मध घाला, गरम रसात मध आम्ही घालत नाही. काढाच करायचा असेल तर चार-पाच पानं दोन कप पाण्यात उकळून अर्धा कप उरवायचा आणि तो दोन वेळा विभागून घ्यायचा. ग्लास नाही. मात्रा जास्त झाली की मळमळतं, उलटी होते, पोट ढाळतं. लोक म्हणतात ‘कफ बाहेर पडला’, पण ते पोटानं नको म्हटलेलं असतं. पाच दिवसांत गुण नाही आला तर पान बदलत बसू नका, माणूस तपासून घ्या. आणि रोज कुठली गोळी चालू असलेल्या माणसानं आधी विचारावं.

शेवटी कुंपणाबद्दल. तुमच्या पत्रातली ‘पलीकडे द्राक्षबाग’ ही ओळ वाचून मी थांबले. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांसाठी किती फवारण्या होतात हे मखमलाबादच्या माणसाला मी सांगायला नको. ब्लोअरचा फवारा ओळीपुरता थांबत नाही, वाऱ्यानं कुंपणावर येतोच. आणि बागेत फवारणी जोरात चालते ते दिवस आणि घरात काढा सुरू होतो ते दिवस नेमके एकच. त्यातली कित्येक औषधं आंतरप्रवाही असतात, पानाच्या आत उतरतात, ती नळाखाली धुऊन जात नाहीत. वर ती पानं उकळून, आटवून आपण पितो. म्हणून त्या कुंपणाची पानं या हंगामात वापरू नका, रसासाठीही नाही आणि काढ्यासाठीही नाही. लागलाच तर अडुळसा बागेपासून दूरच्या ओळखीच्या घरून आणा.

पावसाळ्यात त्याच कुंपणाची पेन्सिलएवढी जाड, वीतभर फांदी कापा, दोन-तीन डोळे मातीत जातील अशी मोरीच्या बाजूला, बागेच्या उलट दिशेला लावा. अडुळसा सहज धरतो. फांदी सासूबाईंच्याच हातून लावून घ्या. तिची पुढं आलेली नवी पानं पुढच्या थंडीत वापरता येतील.

नणंदबाईंची तब्येत आणि सासूबाईंच्या थुंकीचा निकाल मला कळवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्या पुटपाकाला कोणतं पान गुंडाळायच्या तेही विचारून लिहा.